तोंड बाहेर

सध्याची माझी पोस्टिंग नाशिकला. पाथर्डी फाटा, दुसरा मजला, गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची. हत्यार म्हणून एक मोबाइल, तोही माझा नाही. आर्मर्ड कोअरमध्ये, म्हणजे रणगाड्यांच्या दलात, उमेदीची वर्षं काढून मी रिसालदार म्हणून घरी आलो. रिसालदार म्हणजे पायदळातला सुभेदार. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्या सोसायटीतले दोघं-तिघं मला अजून महसूल खात्यातला समजतात आणि सातबाऱ्याचं विचारतात.

सकाळी ओझरकडे एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरची ड्युटी. घरी आलो की चहा, चहानंतर रणगाड्यांचा गेम. आपली टीम, समोरची टीम, मध्ये गाव, टेकड्या, पूल. आणि रोज संध्याकाळी मी मरतो. बहुतेक वेळा सगळ्यात आधी.

रणगाड्याचं मला सगळं कळतं. पण या गेममध्ये मला रणगाडा नाही. मला आहे चिलखती गाडी. आठ चाकांची, वजनदार, वर फिरता बुरूज, त्यात चांगली मोठी तोफ. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय गाडी आहे. पण चिलखत म्हणाल तर पत्र्याची पेटी बरी. कुठूनही गोळा लागला की आरपार. सरळ पळते झकास, वळायला मात्र एसटीएवढी जागा लागते. रणगाडा एक पट्टा पुढे, एक मागे करून जागच्या जागी फिरतो. चाकांना ते येत नाही. रिव्हर्स तर इतका हळू की तेवढ्यात समोरच्यानं चहा पिऊन गोळा भरावा.

मी आपला सवयीप्रमाणे जायचो. भिंतीची आड धरायची, तोंड शत्रूकडे, थांबायचं, नेम घ्यायचा, फायर. पहिला गोळा लागायचा. दुसरा भरेपर्यंत समोरून दोघं-तिघं यायचे. मग मी रिव्हर्स दाबून बसायचो आणि गाडी मागे सरकतेय की नाही हेच कळायचं नाही. धडाम. खेळ खलास.

हेडफोनमधून टीमचा कुणीतरी म्हणायचा, "अंकल, सो गए क्या?"

"तू आधी तुझी साइड सांभाळ."

"अंकल, चाकवाली गाडी है. भगाओ."

मला असा संताप यायचा की फोन खाली भिरकावून द्यावा. तो देता येत नव्हता.

माझी बायको मंगल आतून म्हणायची, "खऱ्या रणगाड्यात कधी एवढं ओरडला नसाल."

"तिथं माणसं ऐकायची."

"आणि तो फोन आधी स्टीलच्या ताटात ठेवा. बॅटरी फुगलीय त्याची. एक दिवस घर पेटवाल."

हे मात्र खरं होतं. फोनचं मागचं झाकण वर आलं होतं. कळवणच्या दुकानदारानं सांगितलं होतं की या मॉडेलची बॅटरी आता मिळत नाही आणि उघडला तर परत चालू होईल याचा भरवसा नाही. गेममध्ये नाव-पासवर्ड काही टाकलेलं नव्हतं. जे होतं ते त्या फोनवर होतं. फोन गेला की सगळं गेलं.

फोन लान्स दफेदार भास्करचा. माझ्या गाडीचा चालक. गाव कळवण तालुक्यातलं. शेवटच्या वर्षांत माझी बदली उंचावरच्या इलाख्यात झाली, रेकी ट्रूपवर. पुढे जायचं, बघायचं, कळवायचं, परत यायचं, एवढं काम. तिथं चाकांच्या चिलखती गाड्या होत्या. मी पट्ट्यांवर वाढलेला माणूस, मला त्या गाड्या कधी आवडल्या नाहीत. भास्करला त्यातच मजा यायची.

भास्करची एक खोड होती. कुठेही थांबायचं तर तो गाडी उलटी लावायचा. तळावर हा नियमच होता, पण भास्कर दोन मिनिटांच्या हॉल्टलाही तेच करायचा. लघवीला थांबलो तरी तेच. पुढे-मागे, पुढे-मागे, आम्ही आत बसून कंटाळायचो. तोंड रस्त्याकडे झालं की इंटरकॉमवर रिपोर्ट द्यायचा, "तोंड बाहेर, साहेब." रिपोर्ट हिंदीत द्यायचा असतो. मी दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. आमचा गनर राजस्थानचा, तोही पुढे "टोंड बाहर" म्हणायला लागला.

रिकाम्या वेळात भास्कर बराकीत हा गेम खेळायचा. त्यातही हीच आठ चाकांची गाडी. चांगलं लढलं की गेम तोफेच्या नळीवर पांढरा पट्टा रंगवून देतो. एकूण तीन पट्टे. टक्क्यांवर चालतं. चांगली लढाई झाली की टक्का वर, माती खाल्ली की खाली. भास्करचे दोन झाले होते, तिसरा तोंडाशी आला होता. बायको फोनवर चिडायची की सुट्टीवर आलात तरी त्या गेममध्येच असता. शेवटच्या फोनवर त्यानं तिला शब्द दिला. तिसरा पट्टा लागला की गेम काढून टाकतो, सुट्टीत फोनला हात लावणार नाही. मी शेजारीच होतो, ऐकलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दोन गाड्या घेऊन आम्ही पुढे निघालो. दुपारी मागच्या गाडीचं टायर फाटलं. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा. शेजारी नाल्याचं सपाट पात्र होतं, पाणी घोट्याएवढंही नव्हतं. टायर बदलायला खाली उतरलो. भास्करनं नेहमीचं केलं. पुढे-मागे, पुढे-मागे. "तोंड बाहेर, साहेब." दुसरी गाडी सरळ आत घुसली आणि तशीच थांबली.

टायर चढलं. नट कसत होते तेवढ्यात वायरलेस सेट बोलला.

"नाले से निकलो. ऊपर से पानी आ रहा है. ओवर."

"रॉजर. निकल रहे हैं. आउट."

आमच्या डोक्यावर ऊन होतं. पाऊस वर कुठेतरी झाला होता. आमची गाडी एका झटक्यात रस्त्यावर आली. दुसरीला वळायचं होतं. मागे मोठे दगड, चालकाला मागचं काही दिसत नव्हतं. भास्करनं हँडब्रेक ओढला, म्हणाला, "साहेब, गाइड करून येतो," आणि उतरला. मी हो म्हणालो. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. त्या गाडीत चौघं होते.

तो तिच्या मागे उभा राहिला. हाताच्या खुणा. कट. और कट. सीधा. आ जाओ. वरून आवाज यायला लागला होता. गाडी वळली, चढली, पुढची चाकं रस्त्याला लागली. भास्कर मागून पळत होता. पाणी आणि दगड एकदम आले. गाडीची मागची चाकं भिजली. भास्कर दिसला नाही. दुसऱ्या दिवशी खाली सापडला.

त्या दुसऱ्या चालकावर माझा राग नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. राग आहे. गाडी उलटी लावायला दोनच मिनिटं जास्त लागली असती. तो चांगला पोरगा आहे, आठवणीनं फोन करतो, मी नीट बोलतो.

भास्करच्या सामानात फोन होता. तो त्याची बायको सुनीताताई हिला दिला. मी रिटायर होऊन आल्यावर कळवणला भेटायला गेलो तेव्हा तिनं तो बाहेर काढला. रोज चार्ज करून ठेवला होता.

ती म्हणाली, "साहेब, ह्यो गेम काढू वाटत नाय. त्यांनी शब्द दिला व्हता, तिसरा पट्टा लागला की काढतो. लागलाच नाय. मी काढला तर माझ्याच हातानं मोडल्यासारखं व्हईल. आन ठेवला तर रोज डोळ्यांसमोर. आता फोन बी जायला आलाय. तुम्ही लावून द्या ना."

मला वाटलं, आठवड्याचं काम. मी खऱ्या तोफेचा माणूस.

आठवड्यात मी भास्करचा टक्का इतका खाली आणला की तिसरा राहिला बाजूला, दुसराच पट्टा जातो की काय असं झालं. नुसता हरत असतो तर चाललं असतं. माझ्या प्रत्येक हरण्यानं त्याची कमाई पुसली जात होती. एका रविवारी लागोपाठ हरलो आणि फोन ताटात आपटला. स्क्रीन काळी झाली. मी बटण दाबत राहिलो. थोड्या वेळानं चालू झाली, पण मंगलनं फोन उचलून कपाटात ठेवला.

"परत देऊन या," ती म्हणाली. "सांगा जमत नाही म्हणून."

मी सुनीताताईला फोन लावला. हेच सांगणार होतो. जीभ उचलेना, म्हणून आधी इकडचं तिकडचं बोललो. म्हणालो, गाडी अवघड आहे, आत घुसते पण वेळेवर बाहेर निघत नाही.

ती हसली. "हे त्यांना सांगायला पायजे व्हतं. ते लय हट्टी. आंगणात बी पिकअप उलटीच आणायचे. माझी कुरडयांची खाट दोनदा चेपली. म्या म्हनलं, सरळ आणा ना, कोन लागलंय मागं? तर म्हनायचे, निघायचं असतं तवा वळायला टाइम नसतो."

मग म्हणालो, "बरं, ताई, नंतर बोलतो." कपाटातून फोन काढला.

रणगाड्याचं सगळ्यात जाड चिलखत पुढे असतं, मागे पातळ. नगरला ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवसापासून डोक्यात ठोकलेलं, शत्रूला पाठ दाखवायची नाही. पण या गाडीला पुढे काय नि मागे काय, सगळीकडे पत्राच. आणि बुरूज फिरतो. म्हणजे भिंतीआड उलटं शिरायचं, पाठ शत्रूकडे, तोफ मागे वळवायची, तोंड निघायच्या वाटेकडे. एक गोळा झाडला की सरळ पुढे पळायचं. एवढी साधी गोष्ट. भास्करनं रोज माझ्या कानात सांगितली होती, आणि मी इथं कपाळ फोडून घेत होतो.

तरी पहिल्यांदा पाठ फिरवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सवय म्हणजे सवय. त्या दिवशीही हरलोच, पण शेवटपर्यंत जिवंत राहिलो. हेडफोनमधला म्हणाला, "अंकल, आज क्या खाके आए हो?" प्रत्येक आडोशाला गाडी लावली की तोंडातून आपोआप निघायचं, तोंड बाहेर. मंगलनं ऐकलं. त्या दिवसापासून तिनं ताटाची आठवण करणं सोडलं, स्वतःच ताट आणून ठेवायला लागली.

टक्का वर चढायला बरेच दिवस लागले. मधेच खाली यायचा, मी दात-ओठ खायचो. फोन गरम झाला की बंद करायचा, गार झाला की परत. एका संध्याकाळी लढाई संपली, गाडी गॅरेजमध्ये आली, आणि नळीवर तिसरा पट्टा होता. मी मंगलला हाक मारली. तिनं बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्याच जा. हा परवापर्यंत टिकायचा नाही."

दिंडोरी, वणी करत कळवणला गेलो. अंगणात गाडी उलटी घेतली. सुनीताताई ओट्यावर उभी राहून बघत होती. खाट तिनं आधीच बाजूला केली होती.

तिनं फोन हातात घेतला. पट्टे बोटानं मोजले. मग म्हणाली, "गाडी अशी भिंतीकडं तोंड करून का उभी?"

"ती बोटानं फिरते."

तिनं फिरवली. तोंड आमच्याकडे झालं. "आता बरूबर," म्हणाली. जरा वेळ बघत बसली. मग फोन माझ्यापुढे धरला. "काढा साहेब."

मी बटण धरलं. फोननं विचारलं, काढायचा का. माझा अंगठा काही खाली जाईना. इतक्या वर्षांत किती वेळा फायर म्हणालो असेन. फोन तिच्याकडे दिला. तिनं दाबलं.

लान्स दफेदार भास्कर, चालक, रेकी ट्रूप. शब्दाचा पक्का. त्यानं मागून बाहेर काढलेली चारही माणसं आज आपापल्या घरी आहेत.

चहा झाला. मी निघालो. गाडी वळवावी लागली नाही.