जोडे काढायची जागा

कुणाच्या दारात जोड्यांचा ढीग दिसला की माझी नजर आधी तिकडे जाते, आणि एक जुनी घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. पोलीस खात्यात माझी उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ज्या तपासात माझं काळीज सर्वांत जोरात धडधडलं, त्यात रक्ताचा एक थेंबही सांडला नव्हता. एक दगड तेवढा जागचा हलला होता.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला एखाद-दोन वर्षं असतील. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. शहाद्याच्या उत्तरेला, जिथं काळी जमीन संपून सातपुड्याच्या पायथ्याचं मुरमाड रान लागतं, त्या भागात मी नवा फौजदार होतो. वर्दीची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीतसुद्धा ताठ बसायचो. माझ्या हाताखालचे जमादार मात्र मुरलेले. ते बसले की खुर्चीच ताठ व्हायची.

चैत्र सरत आला होता. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच मामलेदार कचेरीतून यादी, म्हणजे लेखी हुकूम, आला. पायथ्याच्या एका टेकाडावर नव्याने घर बांधणाऱ्या शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या जमिनीत जोतं घातलं आहे, दोन्हीकडून लाठ्या निघाल्या आहेत, तरी पंचनामा करून आठ दिवसांत अहवाल द्यावा. अतिक्रमण दिसून आल्यास जोतं उकरून टाकण्यात येईल.

नावं मी सांगणार नाही. घर बांधणाऱ्याला आप्पा म्हणू आणि तक्रारदाराला नाना.

आप्पा मूळचे सारंगखेड्याच्या खालच्या अंगाचे, तापीकाठचे. आदल्या पावसाळ्यात तापीने त्यांचं घर नेलं. काठावर पुन्हा घर बांधायचं नाही असं ठरवून त्यांनी हे आडरानातलं पडीत टेकाड सरकारातून मिळवलं. नाना त्याच शिवेचे जुने, मोठे शेतकरी. कपाळावर टिळा, पायात लाल चामड्याचे करकरणारे जोडे. माणूस दिसायच्या आधी जोडे ऐकू यायचे.

घोडीवरून मी टेकाडावर पोचलो आणि पाहतच राहिलो. आजूबाजूला नुसती बोरी-हिवराची काटेरी जाळी, माणसाची वस्ती कोसभर नाही, आणि मध्येच भाकरीसारखी सपाट केलेली जमीन! चार महिन्यांत नवरा-बायकोने ती जाळी मुळासकट उपटली होती. गाडी यावी म्हणून ओढ्यापासून वाट पाडली होती. घराच्या जागेपुरती वरची काळी माती पार मुरमापर्यंत काढून टाकली होती, कारण काळ्या मातीवरचं घर पावसात फुगतं आणि उन्हात तडकतं. त्यात मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून वर दगडी जोतं कमरेएवढं आणलं होतं. खालच्या अंगाला विहिरीचा खड्डा, आणि त्यात गुडघाभर गार पाणी. मी पोलीस म्हणून गेलो होतो, पण मनात आलं, इथं आपणही राहावं!

तरी मी तरणा फौजदार. बूट वाजवत सरळ जोत्यावर चढलो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत चाललो. जोतं ताजं सारवलेलं होतं. आप्पांची बायको खाली उभी होती. मी उतरल्यावर ती शेणाची पाटी घेऊन वर गेली आणि माझ्या बुटांचा एकेक ठसा सारवून बुजवू लागली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, रागच आला.

"आप्पा, हद्दीचा दगड कुठं?" मी विचारलं.

त्यांनी हात केला. सरकारी मोजणीचा, शेंदूर फासलेला दगड टेकाडाच्या या बाजूला एका कडुलिंबाखाली उभा होता. म्हणजे जोतं आणि विहीर दोन्ही दगडाच्या पलीकडे, नानांच्या बाजूला गेली होती. हिशेब सरळ होता.

"साहेब, दगड आठे नव्हताच," आप्पा म्हणाले. "पार तठे, उतारवर व्हता. महिनाभर मी नि घरवाली घरना दगड आनाले खाणवर व्हतूत. ईसन देखस ते दगड आठे!"

"साक्षीदार?"

त्या रानात साक्षीला होतं कोण? मोजणीदार बोलवावा तर तो दिवाळीनंतर येणार. तोवर दगड जिथं उभा, तीच हद्द. कायद्याला रडणं ऐकू येत नाही, दगड दिसतो.

मी निघालो तशी आप्पांनी घोडीचा लगाम धरला.

"साहेब, मन्ही आंडेर लगीन व्हईसन पहिलींदाव आखाजीले येणार शे. तिले कोठे बसाडू? तापीमायनी घर लई गयी. आते हाई जोतं बी गयं, ते तिले माहेरच नही."

खानदेशात आंडेर म्हणजे लेक, आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणींचा सण. लेक माहेरी येते, लिंबाला झोका बांधतात, गाणी म्हणतात. आखाजी दहा दिवसांवर आली होती. माझा अहवाल आठ दिवसांत जाणार होता आणि त्यामागोमाग जोतं उकरलं जाणार होतं. मी 'बघू' म्हणालो. पोलिसाच्या 'बघू'ला काय किंमत असते ते आप्पांनाही ठाऊक होतं.

खबर मिळाली ती दुसऱ्या दिवशी, शहाद्याच्या बाजारात. आप्पांचं जोतं बांधणारा गवंडी, पिढीजात कारागीर, मुसलमान, पांढरी दाढी, जमादारांच्या ओळखीचा. त्याने आम्हाला दुकानाच्या फळीवर बसवलं, चहा मागवला आणि कमरेची गाठी मारलेली दोरी आमच्यापुढे टाकली.

"साहेब, मन्हा हात चुकी जाई, पन दोरी चुकस नही. पहिली खुटी ठोकी तवय हद्दना दगडपासून दोरीना दोन फेर सोडी दिन्हात. दगड उतारले व्हता, जोतं वरे. आते दगड जोतंनी दुसरी बाजूले शे. जोतं ते मी बांधं, ते चालस नही. मंग दगडच चालना साहेब!"

जमादार पोट धरून हसले. मला मात्र एकदम हुशारी आली. पण गवंडी आप्पांच्या मजुरीवरचा. कोर्टात त्याची दोरी पहिल्याच फेरीत तुटली असती.

तिसऱ्या दिवशी आम्ही नानांच्या घरी गेलो. अंगणात देवघराची छोटी घुमटी होती. आम्ही फाटकातून आत पाऊल टाकतो तोच नाना ओरडले, "साहेब, बूट बाहेर! देव शे आठे." स्वतः तापल्या फरशीवर अनवाणी उभे. माणूस धार्मिक, यात शंका नव्हती.

जबाब घेतला. पंचांना बरोबर घेऊन सगळे टेकाडावर आलो. मी नानांना लिंबाखालच्या दगडापाशी नेलं.

"या दगडावर हात ठेवून सांगा, हा इथंच होता?"

नानांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. शेंदरावर तळहात टेकला. "हाऊ दगड आठेच व्हता. बाप-आजापासून."

पंचांनी माना डोलावल्या. आप्पांनी डोळे मिटले. जमादार माझ्या कानाशी लागले, "साहेब, शिवेच्या देवावर हात ठेवून या भागात कुणी खोटं बोलत नाही. मिटलं प्रकरण." मलाही तसंच वाटलं.

पंचनाम्यात नकाशा जोडायचा होता. त्यासाठी मी नानांना त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळी शीव चालून दाखवायला सांगितलं. नाना पुढे, मी मागे, जमादार कागद घेऊन घाम पुसत. दुपारचं ऊन. मुरूम तव्यासारखा तापलेला, वर गोखरूचे काटे पसरलेले. लाल जोडे करकरत होते. शिवेच्या दुसऱ्या टोकाला जायची वाट उतारावरून होती, तिथं एका ठिकाणी करकर थांबली. बघतो तो नानांनी जोडे काढून हातात घेतलेले. दहा-बारा पावलं अनवाणी गेले आणि पुन्हा जोडे घातले.

जोडा चावत असेल, मी म्हटलं. पण माणूस जोडा चावतो म्हणून काट्यांत अनवाणी चालतो?

परत येताना मी मुद्दाम पाठीमागे राहिलो. करकर, करकर, करकर... आणि थांबली. तीच जागा. पुन्हा जोडे हातात, पुन्हा दहा-बारा पावलं. काही नव्हतं तिथं! ना झाड, ना दगड, ना समाधी. नुसता मुरूम आणि काटे.

आणि मग माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. लिंबाखाली दगडावर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा नानांच्या पायात जोडे होते! घरच्या घुमटीपुढे फौजदाराचे बूट बाहेर काढायला लावणारा माणूस शेंदराच्या दगडापुढे जोडे घालून उभा राहतो, आणि उजाड मुरमावर अनवाणी होतो!

माझं काळीज असं उडायला लागलं की जमादारांना ऐकू जाईल असं वाटलं. मी पंचांना हाक मारली. कुदळ मागवली. आप्पा धावत कुदळ घेऊन आले. मी त्या जागी बोट दाखवलं, "इथं खणा."

नानांचा चेहरा उतरला.

वीतभर खणताच दगडाची चपटी चीप लागली. चीप उचलली. खाली शेंदूर लावलेला गोटा, एक सुपारी आणि नारळाची करवंटी. शेंदूर ओला वाटावा इतका ताजा. त्याच्याही खाली आणखी हातभर खणलं आणि कुदळीला काळा चुरा लागला. कोळसे! जमादार आनंदाने ओरडलेच. जुन्या मोजणीत हद्दीच्या दगडाखाली कोळसे पुरत असत, कारण दगड हलतो पण कोळसा कुजत नाही, हे त्यांनी एका म्हाताऱ्या तलाठ्याकडून ऐकलं होतं. पण ते नेमके कुठं शोधायचे, हे एवढ्या माळावर कोण सांगणार? ते नानांनीच सांगितलं, तोंडाने नव्हे, पायांनी.

तरी कबुली हवी होती. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "नाना, या गोट्यावर हात ठेवा आणि मघाशी बोललात तेच बोला. सुटलात."

नाना दोन पावलं मागे सरले. हात जोडले. "आठे नका सांगू साहेब. आठे देव शे."

"मग लिंबाखाली?"

"तठे नुसता दगड शे."

मग सगळं बाहेर आलं. दगड हलवण्याआधी नानांनी रीतीप्रमाणे पाणी सोडलं, नारळ फोडला, देवाला विनवलं, 'तू तुन्ही जागा सोडू नको, मी दगड तेवढा लई जास.' देवाला सुपारीत आणि गोट्यात बसवून वर चीप झाकली. मग बैल जुंपून दगड लिंबाखाली ओढला. आपल्या मते त्यांनी देवाला फसवलंच नव्हतं. फसवलं होतं फक्त सरकारला आणि आप्पांना.

"पण का नाना? तुम्हाला जमीन काय कमी होती?"

ते मुरमावर मटकन बसले. "हाई टेकाड जनमपासून मन्हा डोयासमोर. मी कधी कुदळ मारी नही. हाऊ परका उना, चार महिनामा जोतं घालं, पानी बी लागनं. मन्हा पोटमा दुखनं साहेब. वाटे, हाई ते मीच कराले पाहिजे व्हतं."

दुसऱ्याने साफ केलेल्या जागेवर नजर ठेवणं, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. मी अनेक नागोबा पाहिले. पण असं नागडं खरं बोलणारा हा एकच.

आप्पा म्हणाले, "साहेब, सोडी द्या. शेजार शे." मी सोडलं नाही. गुन्हा नोंदवला, नानांचा जामीन घेतला, अहवाल धाडला, पुढचं कोर्टाने पाहिलं. दगड मात्र पंचांसमक्ष परत मूळ जागी आला. नानांनी बैल जुंपू दिले नाहीत. स्वतः पहारीने ढकलत आणला, अनवाणी. अवघड जागी आप्पांनी दुसऱ्या बाजूने पहार लावली. मला मात्र उड्या माराव्याशा वाटत होत्या, वर्दीमुळे मारल्या नाहीत.

या प्रकरणाने मला एक शिकवलं, ते पुढे जन्मभर पुरलं. माणूस शपथ कशावर घेतो याला फारसा अर्थ नसतो. तो कुठं आपणहून जोडे काढतो ते पाहावं. खरं तिथं पुरलेलं असतं. पुढे कित्येक जबाब घेताना मी तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त पाहिलं.

आखाजीला आप्पांचं बोलावणं आलं. घर कुठलं, भिंतीही उठल्या नव्हत्या. जोत्यावर आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. लिंबाला झोका बांधला होता आणि नवी सासुरवाशीण त्यावर उभी राहून असा झोका चढवत होती की तिचे पाय फांदीला लागतील असं वाटावं. आप्पा खाली उभे राहून नुसते वर बघत होते. आप्पांच्या बायकोने मला पाहिलं आणि ती जागच्या जागी थबकली. जोतं पुन्हा ताजं सारवलेलं होतं.

मी पायरीपाशी आलो. तिथं पाहुण्यांच्या वहाणांचा ढीग होता आणि ढिगाच्या कडेला, जरा अंतर ठेवून, लाल चामड्याचे जोडे. आत मांडवाच्या कोपऱ्यात नाना मान खाली घालून पुरणपोळीच्या ताटावर बसले होते.

मी खाली वाकलो, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि माझे बूट त्या लाल जोड्यांशेजारी ठेवले. मग जोत्यावर चढलो.