विमान गेल्याशिवाय पान नाही

"गेलं का? मंग बसा." मावशींच्या तोंडून हे निघाल्याशिवाय पांढरकवड्यात आम्हाला जेवण मिळत नसे.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो आणि मावशींच्या खानावळीत जेवत होतो. सकाळी नागपूरहून हैदराबादकडे जाणारं दोन पंख्यांचं विमान गावावरून जाई. ते गेलं की मगच पानं वाढायची, हा मावशींचा नेम. विमानाला उशीर झाला की वरण चुलीवर आटत राही, आम्ही चौघे पाटावर ताटकळत बसू आणि कचेरीत बोलणी मी खाई. विमान आलं नव्हतं, असं साहेबांना तुम्ही तरी सांगितलं असतं का?

मावशींचा एकुलता एक मुलगा नागपूरच्या विमानतळावर मेकॅनिक होता. तो स्वतः विमानात बसत नाही, खाली जमिनीवरच असतो, हे समजावून मी थकलो होतो.

"मावशी, दोन इंजिनं असतात त्याला. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर उतरतं."

"दोन्हीचे नटबोल्ट माह्याच पोरानं कसले न! एकात हात चुकला त दुसऱ्यातबी चुकन. लोकायचे लेकरं बसले हायेत त्यात. माह्या घशाखाली घास नाही उतरत."

"आमच्या उतरतो!"

"मंग घ्या न वाढून," असं म्हणून पळी माझ्यापुढे ठेवून त्या अंगणात जात. त्यांच्या वर वळलेल्या मानेकडे बघत कोण वाढून घेणार? बरं, विमान दिसेनासं झालं तरी सुटका नसे. "थांबा, आवाज येऊन राह्यला अजून!"

एकदा विमान आलंच नाही. मी तणतणत पोस्टात गेलो, नागपूरला ट्रंक कॉल लावला आणि धावत परत आलो. "धुकं आहे, मावशी! विमान रद्द झालंय!"

त्यांचा चेहरा खुलला. "त्यानंच विमान अडोलं असन. काही ढिलं दिसलं असन त्याले."

धुक्याचं श्रेयसुद्धा पोराला! मी कपाळावर हात मारला.

पुढे मुलाची बदली हैदराबादला झाली. त्याने आईला कायमचं बोलावून घेतलं, तेही त्याच विमानाने. खानावळ जाऊबाईंवर सोपवून मावशी एसटीने नागपूरला गेल्या.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी वेळेवर पानं वाढली. वाफाळतं वरण, गरम भाकरी. कधी नव्हे तो कचेरीत वेळेवर पोचलो असतो. पण पाटावर कोणी बसेना. चौघेही अंगणात उभे. विमानाचा पत्ता नाही. मला मावशींचा, त्यांच्या पोराचा, त्या दोन्ही पंख्यांचा भयंकर राग आला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

अखेर विमान आलं आणि डोक्यावरून पुढे गेलं.

"गेलं न जी? मंग बसा, भाकरी थंडी झाली," जाऊबाई करवादल्या.

"थांबा हो जरा," मी म्हणालो. "आवाज येतोय अजून."