वहीतले नियमांचे पान

सत्तरच्या दशकात मी सांगलीला माध्यमिक शाळेत शिक्षक होतो. तेव्हा दोन परदेशी तरुण मराठी शिकण्यासाठी माझ्या घरी येत असत. दोघेही अमेरिकेतले, मॉर्मन पंथाचे प्रचारक, आणि वयाने एकोणीस-वीस वर्षांचे. त्यांच्या पंथात या वयाच्या मुलाने दोन वर्षे घरापासून दूर राहून धर्मसेवा करण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी सहा महिने भाषा शिकावी, म्हणून त्यांना सांगलीला पाठवले होते. त्यांतला एक अबोल आणि व्यवस्थित होता. दुसरा उंच, पिवळसर केसांचा, चुकला की आधी स्वतःच हसणारा. ही हकीकत त्या दुसऱ्याची आहे.

कोणताही विषय हाती घेतला की त्यासाठी एक वेगळी वही करायची, ही माझी सवय. या शिकवणीच्या वहीत पहिली चार पाने पाठांच्या क्रमाची होती आणि पाचवे पान त्यांच्या नियमांचे. ते पान मी त्यांना विचारून, नीट आकडे घालून लिहिले होते. चहा-कॉफी वर्ज्य. दोघांनी सदैव बरोबर राहायचे, एकट्याने कुठेही जायचे नाही. घरी पत्र आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारीच. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास. दोन वर्षे पुरी होईपर्यंत घरी जायचे नाही. दुसऱ्याच्या धर्माचा मान राखायचा तर आधी त्याचे नियम ठाऊक हवेत, असे मी मानत होतो. आजही मानतो, पण तेवढे पुरते असे आता म्हणणार नाही.

माझी आई तेव्हा माझ्याकडेच असे. वडूजजवळच्या आमच्या गावात तिचे सारे आयुष्य गेलेले. पहिल्याच दिवशी तिने पाहुण्यांपुढे चहा ठेवला आणि दोघांनी हात जोडून नको म्हटले.

"च्या नगं? मग काय इख देऊ व्हय?" आई म्हणाली.

मी तिला नियम समजावून सांगितला. तिने कपबशा उचलल्या, आत गेली आणि दोन पेले ताक घेऊन आली. "ह्याला तरी हाय का न्हाई मनाई, इचार तुझ्या वहीला."

उंच मुलाने पेला एका दमात संपवला आणि आदल्याच तासाला शिकलेले वाक्य तिला ऐकवले, "आई, ताक फार छान आहे." त्या दिवसापासून तो तिला आईच म्हणू लागला आणि ती त्याला बाळ.

दिवाळीच्या सुटीत मी दोघांना गावी नेले. पुस्तकातली भाषा आणि माणसांच्या तोंडची भाषा यांतले अंतर विद्यार्थ्याने कानांनी ऐकावे, असा माझा हेतू होता. पारावर माणसे जमली. शेजारच्या एका शेतकऱ्याने विचारले, "आवं गुरुजी, ह्ये सायब काय कामाला आल्यात?"

"देवाविषयी सांगायला," मी म्हणालो.

"देव लय हाईत की आमच्याकडं! पाऊस तेवढा सांगा म्हणावं."

सगळे हसले. हे दोघेही हसले, अर्थ थोडा उशिरा कळल्यामुळे सर्वांच्या नंतर. मग आम्ही शिवारात गेलो. उंच मुलगा ज्वारीच्या रानात खाली बसला, ढेकूळ उचलून त्याने बोटांनी फोडले आणि म्हणाला, "गुरुजी, माझे वडीलसुद्धा असेच करतात." त्याचे वडील कोरडवाहू शेती करत. पेरणीआधी माती अशी फोडून बघायला त्यांनीच त्याला शिकवले होते.

आमच्या भावकीतले एक निवृत्त हवालदार बरोबर होते. ते त्याला म्हणाले, "घरला कवा जानार?"

"दोन वर्षे नाही जाणार."

"दोन वर्सं? आन मधी घरी कुनी आजारी पडलं तर? आमच्या फौजेत बी तार आली की सुट्टी मिळती गड्या!"

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्या वतीने उत्तर दिले, की त्यांचे नियम फौजेहून कडक आहेत. हे मी काहीशा अभिमानानेच सांगितले, जणू ती शिस्त माझ्याच वर्गातली होती.

जानेवारीत त्याला घरून, त्याच्या आईचे पत्र आले. वडिलांना असाध्य दुखणे झाले होते, आणि फार दिवस उरले नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी तो ठरलेल्या वेळी शिकवणीला आला. जोडीदार शेजारी मान खाली घालून बसला. माझ्या घरात मराठीशिवाय बोलायचे नाही, असा आमचा करार होता आणि त्या दिवशीही त्याने तो पाळला. पत्रातली बातमी त्याने तुटक शब्दांत सांगितली, आणि मग म्हणाला, "गुरुजी, मी काय करावे?"

खरे सांगतो, त्याचे वाक्य निर्दोष उतरले आहे हे मला आधी जाणवले. त्यानंतर मी विचार केला, तोही माझ्या पद्धतीने. पाचवे पान मला पाठ होते. दोन वर्षे घरी जायचे नाही. या मुलाचे मन डळमळले आहे. त्याला आधार द्यायचा तर त्याच्या व्रतावर ठाम राहायला मदत करावी, असे मी ठरवले. मी त्याला म्हणालो, की हाती घेतलेले काम पुरे करण्यातच वडिलांना समाधान वाटेल. तुम्ही मोठ्या निश्चयाने आला आहात, तो निश्चय मोडू नका. असे मी बरेच बोललो. सावकाश, सोप्या शब्दांत बोललो, म्हणजे त्याला सगळे कळावे.

दारात बसून आई धान्य पाखडत होती. तिचे सूप थांबले. "आरं, बाप मरतोय आन पोरगं हितं बाराखडी गिरवतंय? जा म्हण की त्याला घरी!"

"आई, त्यांचे नियम आहेत. तू मध्ये बोलू नकोस."

तो एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होता. मग त्याने पत्राची घडी घातली, ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वही उघडली. त्या दिवशीचा पाठ बाजारहाटाचा होता. भाज्यांची नावे त्याने न चुकता म्हटली.

पुढे तो रोज येत राहिला. चुकल्यावर हसेनासा झाला, आणि चुकाही कमी करू लागला. प्रगती उत्तम आहे, असा शेरा मी वहीत लिहिला.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी दार वाजले. बाहेर तो अबोल जोडीदार उभा होता, एकटा. त्याला एकटे पाहताच काय झाले असेल ते मी ओळखले. तार आली होती.

मी सदरा चढवेपर्यंत आईने चूल पेटवली होती. आमच्याकडे मृत्यू झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे किंवा सोयरे भाकरी-पिठले घेऊन जातात आणि दुःखातल्या माणसाला समोर बसून चार घास खायला लावतात. याला कडू घास म्हणतात. आईने भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि पिठल्याचे पातेले माझ्या हातात दिले.

"आई," मी म्हणालो, "आज पहिला रविवार. त्यांचा उपवास असतो."

 तिने भाकऱ्यांचे फडके उचलले आणि ती पायऱ्या उतरू लागली.

त्यांची खोली स्टेशनच्या वाटेवर, एका हळदीच्या वखारीच्या माडीवर होती. तो खाटेच्या कडेला बसला होता, दाढी केलेला, स्वच्छ कपडे घातलेला, हात गुडघ्यांवर. आई त्याच्यापुढे जमिनीवर बसली. तिने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. "खा बाळा. कडू लागंल. लागू दे."

त्याने तोंड उघडले. घास चावता चावता तो रडू लागला, आणि आईने पदराने त्याचे तोंड पुसून दुसरा घास मोडला. उपवासाचा विषय कोणीच काढला नाही. मी पातेले धरून उभा होतो.

चार घास झाल्यावर तो माझ्याशी बोलला. आवाजात राग मुळीच नव्हता. "गुरुजी, त्या दिवशी खिशात दोन पत्रे होती. दुसरे आमच्या वरिष्ठांचे होते, घरच्यांनी त्यांनाही कळवले होते. घरी जायचे तर जा, निर्णय तुझा आहे, असे त्यांनी लिहिले होते."

मी विचारू शकलो असतो, की मग तेव्हा ते दाखवले का नाही. विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते. परवानगी त्याच्याजवळ होती, जाण्याचे बळ तेवढे त्याला कोणाकडून तरी हवे होते. सांगलीहून मुंबई, मुंबईहून विमान, तिथून त्याचे गाव. हा प्रवास फार तर पाच दिवसांचा. आमच्या त्या संभाषणानंतर त्याचे वडील एकोणीस दिवस जगले. हा हिशेब मी घरी येताना वाटेतच केला.

घरी आल्यावर आईने पातेले घासायला घेतले. घासता घासता, वर न बघता म्हणाली, "त्यानं घरातल्या थोरल्याला इचारलं हुतं रं. जबाब मास्तरानं दिला."

एप्रिलमध्ये शिकवणी संपली आणि ते दोघे पुढच्या कामाला गेले. निघताना उंच मुलगा आईच्या पाया पडला आणि माझ्याही. पुढे बरीच वर्षे त्याची पत्रे येत. मराठी हळूहळू मोडकी होत गेली, तरी शेवटी न चुकता लिहिलेले असे, आईला नमस्कार. मी प्रत्येक पत्राला वेळेवर उत्तर दिले. पाऊसपाणी, शाळेचे निकाल, आईची तब्येत आणि शेवटी तिचे जाणे, सर्व कळवले. तिच्या जाण्याच्या पत्रावर त्याने एवढेच विचारले होते, "तुम्हाला कडू घास कोणी दिला?"

त्या पत्राला तेवढे मी उत्तर दिले नाही. द्यायचे तर आधी दुसरे एक वाक्य लिहावे लागले असते, आणि तीन वेळा कागद घेऊनही ते माझ्याने लिहवले नाही. आता त्याला पत्र कुठे पाठवावे हे मला ठाऊक नाही, म्हणून येथे लिहितो. बाळ, त्या दिवशी आई म्हणाली तेच बरोबर होते. मी तुला जा म्हणायला हवे होते.