नाताळच्या टेबलावरचं कोहळं

खाप्याच्या एसटी स्टँडवर माझी लोखंडी पेटी टपावर चढली, तेव्हा बाबा बसकडे पाठ करून उभे होते. निरोपाला आले होते, पण पाठीनं. रेल्वेतल्या एका ख्रिस्ती गार्डाशी, सॅमसनशी, मी नागपुरात लग्न करणार होते आणि माझे बाबा पडले माळकरी. बस हलली तेव्हा एवढंच बोलले, "जाय तू. पन मले बलावू नको." मी इतकी रडले, की भर उन्हाळ्यात कन्हानला पूर आला. खोटं वाटत असेल तर नदीकाठच्या टरबूजवाल्यांना विचारा.

खाप्यात मागं राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या पेटी घेऊन निघालेल्यांनो, हे अंतर नकाशात मोजू नका. तिकडं शेणानं सारवलेलं अंगण, इकडं रेल्वे क्वार्टरची लाल फरशी. तिकडं पाटावर जेवण, इकडं टेबल, काटे, सुऱ्या आणि मीठ हवं तर 'प्लीज' म्हणायचं. मला लाज वाटायची. पहिला हिवाळा मी अळणीच जेवले.

काही वर्षांनी, मी न बोलावताच, भावाचा निरोप आला: बाबा संत्री घेऊन मंडईत येताहेत, दुपारी तुझ्याकडं डोकावतील. दिवस नेमका नाताळचा! त्या क्षणापासून मी आठवडाभर घरात नुसती हिंडत राहिले. कारण सासूबाईंच्या नाताळात हॅम असायचंच. हॅम म्हणजे मीठ-धुरात मुरवलेली डुकराची अख्खी मांडी. सॅमसनचा दोस्त ती कलकत्त्याहून मेल गाडीनं, बर्फात घालून आणायचा. ती टेबलावर नसेल तर नाताळ पुढच्या वर्षावर जाईल, अशी सासूबाईंची खात्री.

"त्यांच्यासाठी वरण-भात वेगळ्या भांड्यात कर," त्या म्हणाल्या. "पण माझं हॅम लपणार नाही."

सकाळी सगळे चर्चमध्ये गेले. हॅम उकडून, सालटं काढून ठेवायचं काम माझ्याकडं. मी सालटं काढलं. खाली पांढरी चरबी, गुलाबी मांस. डोक्यात एकच: बाबा पाहतील, उलट्या पावली जातील, आणि पुन्हा कधी येणार नाहीत. हात मात्र आपले खाप्याचे. सुरणाच्या कापांना लावतात तशी मूठभर हळद त्यांनी कधी चोळली, मला पत्ताच नाही.

सासूबाईंनी परत येऊन पाहिलं आणि टोपीसकट खुर्चीत बसल्या. "अगं, याचं लग्न आहे का आज? वऱ्हाडी कधी येणार?"

वऱ्हाडी, म्हणजे बाबा, दारातच होते. डोक्यावर पटका, हातात संत्र्यांची टोपली.

सासूबाईंनी "या, या" म्हणत टोपली घेतली आणि पटापट सहा संत्री पिळली. रसात गूळ आटवला, मोहरीची पूड घातली. हॅमवर चौकड्या कापून लवंगा टोचल्या. ब्रश माझ्या हातात दिला. मी ती मांडी रंगवत असताना बाबा मागं येऊन उभे राहिले. माझं काळीज असं धडधडलं, की शेजारचा फायरमन कुठली गाडी आली म्हणून बाहेर आला.

"काय व्हय वं हे, वच्छे?"

"कोहळं, बाबा."

लाल भोपळ्याला आमच्याकडं कोहळंच म्हणतात. पिवळंधमक, गोल, तुकतुकीत. दिसत तर तसंच होतं.

"लई मोठं हाय," बाबा म्हणाले आणि बाहेर गेले.

शेगडीवरच्या पत्र्याच्या ओव्हनमध्ये ते तांबूस, चकचकीत झालं. टेबलावर मधोमध आलं. बाबा खुर्चीवर मांडी घालून बसले. मी वरण-भात वाढला, वांग्याची भाजी वाढली. आणि ते म्हणाले, "कोहळं वाढ ना मले. मले आवडते, माहीत हाय ना तुले?"

सासूबाईंची सुरी हवेत थांबली. सॅमसननं चष्मा काढला, म्हणजे त्याला पुढचं दिसू नये. बाबांची माळ आता माझ्या जिभेवर लटकत होती.

"ते... तुमच्यासाठी नाही, बाबा," मी म्हणाले. आवाज उंदराचा निघाला.

"काहून?"

माझे डोळे भरले. बाबांनी हळूच बोट केलं, हॅमच्या टोकाकडं. "कोहळ्याले हाड कुठून आलं, हेच मी मघापासून पाहून राहिलो."

मी खुर्ची सरकायच्या आवाजाची वाट पाहत होते. बाबांनी भातावर वरण ओढलं.

"जेव आता. डोळे पूस. अन् का हो इहीनबाई, माह्या संत्र्याचा रस लागला का बरोबर? आंबट तं नाही झाला?"

"फर्स्ट क्लास," सासूबाई कशाबशा म्हणाल्या.

बाबा संध्याकाळच्या बसनं गेले. भावानं मग सांगितलं: खाप्यात पारावर माणसं टपूनच होती. पोरीनं काय खाऊ घातलं, म्हणून खोदून खोदून विचारलं. माझे बाबा, ज्यांनी मंडईत कधी एक किडकं संत्रं चांगलं म्हणून खपवलं नाही, ते म्हणाले, "कोहळं. असं कोहळं खाप्यात पिकत नाही."

लोक विचारतात, तुझं घर कोणतं? मी क्वार्टरचा नंबर सांगते. पण मनात पारावर एक म्हातारा माळ सावरत माझ्यासाठी खोटं बोलत असतो, आणि मला वाटतं, खाप्यातून मी अजून पुरती निघालेलीच नाही.