एका ओळीच्या ठरावाला आत्याबाईंचा विरोध

माझ्या बायकोच्या आत्याइतकं लोकशाहीवर रागावून प्रेम करणारं माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरं झालं नसेल. नुसतं प्रेम करणारे पुष्कळ असतात. ते सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभे राहतात आणि पेढा खाऊन घरी जातात. आत्याबाई तिच्यावर चिडायच्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी गोट्या खेळणाऱ्या पोरावर आई चिडते तशा. पंचवटीत त्यांची पिठाची गिरणी होती. यंत्र सांभाळायचे आमचे आतोबा, डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरे आणि तोंडातून दिवसाकाठी चार शब्द काढणारे. काट्यापाशी बसायच्या आत्याबाई. गिरणीच्या खडखडाटावरून इतकी वर्षं बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्या घरात कानात काही सांगायला लागल्या तर शेजारचे उत्तर द्यायचे. सकाळी पेपर वाचून त्यांना राग यायचा आणि तो दिवसभर दळणाला आलेल्या प्रत्येकाला थोडाथोडा वाटला जायचा. निवडणुकीनंतर बोटावरची शाई दाखवल्याशिवाय डबा खाली ठेवू द्यायच्या नाहीत. शाई नसेल तर पीठ जाडं. पक्ष बदललेल्या माणसाचे गहू तर त्या हटकून बाजरीमागून दळायला लावायच्या. एका माजी नगरसेवकाने तक्रार केली तेव्हा म्हणाल्या, "ज्याला मतात भेसळ चालते त्याला पिठात चालायला काय झालं?" तो बिचारा महिनाभर करड्या पोळ्या खात होता, पण गिरणी बदलायची त्याची छाती झाली नाही.

निवडणुकीचं भाकीत करणं हा त्यांचा दुसरा छंद. "लिहून घ्या" असं म्हणून त्या कोण येणार ते सांगायच्या आणि तो हमखास पडायचा. पडला की त्यांचा राग भाकितावर नसायचा, मतदारांवर असायचा. नगरपालिकेच्या निवडणुकीत त्यांनी छातीठोकपणे सांगितलेल्या उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली, तेव्हा त्या आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला जाब विचारत होत्या. आमच्या आळीतल्या कित्येक घरांनी तो आठवडा भातावर काढला. पुढे पुढे तर त्यांनी आपलं नाव घेऊ नये म्हणून उमेदवार आतोबांना गाठून विनंती करायचे. आतोबा मान हलवायचे आणि पट्टा चढवायचे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आत्याबाईंच्या पक्षात जिल्हाध्यक्ष निवडायचा होता आणि या खेपेला तो प्रतिनिधींच्या मतांनी निवडायचा, असं ठरलं. आत्याबाई वॉर्डाच्या प्रतिनिधी होत्या. मी सरकारी नोकर, त्यामुळे मला पक्ष नव्हता, पण स्कूटर होती. तेव्हा तीन महिने जिल्ह्याचं राजकारण मी माझ्या पाठीमागे बसवून फिरवलं. उमेदवार दोन. एक शहरातले वकीलसाहेब आणि दुसरे कळवणचे एक निवृत्त गुरुजी. आत्याबाई दोघांवरही सारख्याच चिडलेल्या होत्या. वकीलसाहेब गिरणीत आले ते नाकाला रुमाल लावून. "लोकांत मिसळायचं म्हणतो आणि पिठात मिसळायला घाबरतो," असा निकाल त्यांनी वकीलसाहेब दारातून बाहेर पडायच्या आत आणि त्यांना नीट ऐकू जाईल असा दिला. गुरुजी सटासट शिंकत राहिले, शिंका आवरल्यावर आतोबांना म्हणाले, "गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी कोणाकडून लावता? लय बारीक पीठ हाय तुमचं." आतोबा चक्क हसले. आत्याबाई तरी म्हणाल्या, "गोड बोलणारा मास्तर पोरांना नापास करतो."

पण संधी कोणाला, याचा हिशेब त्यांनी या वेळी मन लावून केला. स्कूटरवर मागून माझ्या कानात तो चालू असायचा. "जावईबापू, वकिलाला शहर आहे. पण शहर उठतं नऊला आणि सभेला येतं अकराला. गुरुजीला पेठ-सुरगाणा आहे, कळवण-बागलाण आहे, पण तिथून येणारी एस.टी. वेळेवर पोचली तर. निफाड ज्याचं त्याचा अध्यक्ष. आणि निफाड कोणाचंच नाही." एक दिवस मी विचारलं, "मग लिहून घेऊ का नाव?" शालिमार चौकापाशी त्या म्हणाल्या, "नको. या वेळी खरं होईल असं वाटतंय. दृष्ट लागेल."

निवडीचा दिवस उजाडला. गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात सभा होती. आत्याबाई नवीन पातळ नेसून, न जेवता निघाल्या होत्या. मत दिल्यावर जेवायचं, असा त्यांचा नेम होता. प्रतिनिधी नसल्यामुळे मी खिडकीशी उभा राहिलो. व्यासपीठावर मुंबईहून आलेले निरीक्षक होते. त्यांच्या उजव्या हाताला वकीलसाहेब आणि डाव्या हाताला गुरुजी. मतपेटी कुठे दिसेना. निरीक्षकांनी पक्षाच्या थोर परंपरेबद्दल थोडं सांगितलं आणि खिशातून एक कागद काढून वाचला. एकच ओळ होती: जिल्हाध्यक्ष नेमण्याचे सर्व अधिकार ही सभा पक्षश्रेष्ठींना देत आहे. सूचक वकीलसाहेब. अनुमोदक गुरुजी.

तीन महिने एकमेकांच्या सावलीला न उभे राहिलेल्या त्या दोघांनी एकाच वेळी हात वर केले. मग पुढच्या रांगेने केले, मग मागच्या. सगळं सभागृह हात वर करून बसलं. एकट्या आत्याबाई उभ्या राहिल्या.

"हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. गिरणीवरचाच आवाज होता तो. काही हात खरोखरच खाली आले. "मी इथे मत द्यायला आले आहे. हात वर चोर करतात, पोलीस आल्यावर."

निरीक्षक समजुतीने म्हणाले, "बाई, बसा. सभेचं एकमत झालेलं आहे."

"माझा विरोध लिहा."

"विरोध कोणाला? अजून नाव तर आलेलंच नाही."

"मग यांनी हात कोणासाठी वर केले?"

सभागृहात कोणी तरी हसलं आणि लगेच थांबलं. निरीक्षकांनी आत्याबाईंकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि कागदावर लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "ठराव एकमताने मंजूर." बाजूच्या खोलीतून जेवणाचा वास येत होता. लोक तिकडे वळले. मी आजवर कधी कोणाच्या सभेत तोंड उघडलेलं नाही; मी खिडकी सोडून दारापाशी गेलो.

बाहेर चपलांच्या ढिगाऱ्यापाशी आत्याबाईंनी गुरुजींना गाठलं. "तीन महिने घसा कोरडा केलात तो यासाठी?"

गुरुजी खाली बघत चप्पल शोधत होते. "कालच वरून निरोप आला, आत्याबाई. नाय म्हणलो असतो तर आमच्याकडच्या रस्त्याचं काम अडवलं असतं."

"मग रस्त्यासाठीच उभं राहायचं होतं. अध्यक्षपदासाठी कशाला उभे राहिलात?" एवढं बोलून त्या स्कूटरवर बसल्या. त्यांना मागे बसवून शांततेत गाडी चालवण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

आठ-दहा दिवसांत मुंबईहून नाव आलं. वकील नाही, गुरुजी नाही, कोणी तिसराच ठेकेदार, ज्याला पंचवटी कारंजा कुठे आहे तेही विचारावं लागत होतं. त्याची मिरवणूक आमच्या चौकात थांबली आणि त्याने गिरणीसमोरच भाषण सुरू केलं. आत्याबाई काट्यापाशी दगडासारख्या बसलेल्या. रिकामी गिरणी फिरवली की दगड झिजतो, म्हणून आतोबांनी ती जन्मात कधी रिकामी चालवली नव्हती. ते उठले, पट्टा चढवला आणि बटण दाबलं. दाणा न टाकता गिरणी पाऊण तास गरजत राहिली. नव्या अध्यक्षांचे फक्त ओठ हलताना दिसले. भाषण संपल्यावर आतोबांनी बटण बंद केलं आणि म्हणाले, "झालं." त्या दिवसातला त्यांचा बहुधा तेवढाच शब्द.

त्यानंतर आत्याबाईंनी पक्षाच्या वर्गणीची पावती पुन्हा फाडली नाही आणि भाकीतही कधी केलं नाही. निवडणूक आली की लोक मुद्दाम छेडायचे, "काय आत्याबाई, कोण येणार?" त्या म्हणायच्या, "ज्याला आणतील तो." जाडं पीठ कोणालाच मिळेना. लोकांना बरं वाटायला हवं होतं, पण बारीक पीठ घेऊन जाताना माणसं जरा अवघडल्यासारखी दिसायची.

चार-पाच वर्षांनी एका दुपारी मी गिरणीत बसलो असताना गुरुजी आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशकात आले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, हाताशी सून. फार वाळले होते. आत्याबाईंनी त्यांच्यासाठी पोतं झटकून खुर्ची पुढे केली आणि चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं. मग गुरुजी बशी खाली ठेवत म्हणाले, "आत्याबाई, एक इचारू? त्या दिवशी मतदान झालंच असतं, तर मी आलो असतो का?"

आत्याबाईंनी जराही विचार केला नाही. "पडला असतात, गुरुजी. चांगले पडला असतात."

गुरुजींचा चेहरा सैल झाला. ते मान हलवत राहिले. "मलाबी तसंच वाटतं," ते म्हणाले. "मग जे झालं ते बरंच झालं म्हणायचं." सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ते हळूहळू निघाले. आत्याबाई दारापर्यंत पोचवायला गेल्या, पायरी दाखवली, आणि ते वळणापलीकडे जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

परत येऊन बसल्यावर त्या म्हणाल्या, "तोच येत होता. निफाडसकट."

"मग तसं सांगितलं का नाही?"

"आता सांगून काय, जावईबापू? डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डोळ्यात पाणी आलेलं चालत नाही."

हे त्या इतक्या हळू बोलल्या, की शेजारी बसलेल्या मलाही कान द्यावा लागला.