मध्यंतरापर्यंतचे भाऊजी

उभ्या वऱ्हाडात आमच्या भाऊजींइतकी प्रेमप्रकरणं कोणी अर्ध्यावर सोडली नसतील. ही प्रकरणं त्यांची स्वतःची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझी ताई मला घरात घ्यायची नाही. ती सगळी पडद्यावरची होती. भाऊजी अमरावती-अकोला मोटारीवर कंडक्टर. अमरावतीला दुपारचा खेळ सुरू व्हायचा तेव्हा ते मोकळे असत, आणि मध्यंतराच्या सुमारास त्यांची गाडी लागत असे. गाडीचा मुक्काम अकोल्याला. तिथं पोचून, हिशेब भरून, तोंडावर पाणी मारून ते टॉकीजवर जात तेव्हा शेवटच्या खेळाचं मध्यंतर झालेलं असायचं, आणि ओळखीचा डोअरकीपर त्यांना आत भिंतीशी उभं राहू द्यायचा. म्हणजे पूर्वार्ध अमरावतीत आणि उत्तरार्ध अकोल्यात. पण अमरावतीचा सिनेमा अकोल्याला पोचायला कधी पंधरा दिवस लागत, कधी तीन महिने. काही तर पोचतच नसत. सुटीच्या दिवशी अमरावतीतच पुन्हा जाऊन राहिलेला भाग पाहावा, तर एका सिनेमाला दोन तिकिटं ताईच्या राज्यात मंजूर नव्हती. त्यामुळे भाऊजींच्या डोक्यात कायम चार-पाच नायिका कुठे ना कुठे अडकून पडलेल्या असत. कोणी दवाखान्याच्या व्हरांड्यात, कोणी आगगाडीत, कोणी बापानं कडी लावलेल्या खोलीत.

मी दर्यापूरकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी त्यांच्या राजापेठेतल्या दोन खोल्यांत राहायला आलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. आज मी बी.ए. आहे, आणि हे मी कोणी न विचारता सांगतो. मी अजून पहिल्या वर्षालाच होतो तेव्हापासून भाऊजी मला बी.ए. म्हणत. मी तर्कशास्त्राचं पुस्तक उघडून बसावं आणि त्यांनी हातात वरणाची वाटी घेऊन, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत विचारावं, "काहो बी.ए., त्या आगगाडीतल्या पोरीचं काय झालं असन? डब्यात एकटी होती ना ते." त्यांना बसून जेवता येत नसे. बसून सिनेमाही पाहता येत नसे. खुर्ची मिळाली तरी ते मागच्या भिंतीशी उभे राहत, नायकानं नायिकेचा हात धरला की दाराकडे जात, सोडला की परत येत. एकदा एका प्रेक्षकानं वैतागून "बसा ना राजेहो" म्हटलं, तर भाऊजी त्यालाच म्हणाले, "तुमाले बसवते तरी कसं? तिकडं पोरीचं वाटोळं होऊन राहिलं ना!"

त्यांची मतं पक्की होती आणि ती मोटारीतल्या सगळ्यांना माहीत होती. पहिल्या भेटीत गाणं म्हणणाऱ्या माणसावर त्यांचा काडीचा भरोसा नव्हता. "ओळख ना पाळख, अन् झाडाच्या मांगून गाणं! असा माणूस आपल्या गाडीत चढला तर मी त्याले पुढच्या सीटवर बसवीन, नजरेसमोर." ज्या घराला आतून जिना आहे त्या घरात प्रेम टिकत नाही, कारण कधी ना कधी बाप तो जिना उतरतो, हेही त्यांचंच निरीक्षण. पण त्यांचा खरा राग होता तो गप्प बसणाऱ्यांवर. एका वाक्यात मिटणारा गैरसमज दीड तास चालतो, हे त्यांना सहन होत नसे. नायिका खांबाला धरून रडायला लागली की मागच्या भिंतीकडून आवाज येई, "अवो बाई, तोंड उघड ना! काहून बोलत नाई?" थर्डक्लास टाळ्या वाजवी. नायिका मात्र रडतच राही.

आणि त्यांचा सगळा जीव होता तो दुसऱ्यावर. दुसरा म्हणजे नायकाचा दोस्त. नायिकेवर मनातून माया करणारा, एक शब्द न बोलणारा, आणि शेवटी दोघांचे हात एकमेकांच्या हाती देऊन धुक्यात निघून जाणारा. तोही गप्पच बसे, पण त्याचं गप्प बसणं भाऊजींना माफ होतं. "त्याच्यात काय कमी हाय?" ते ताईला विचारत. "नोकरी हाय, घरी माय हाय, सायकल हाय. पयला नुसता हासते अन् केस वर करते. पोरगी जाते त्याच्याच मांगं!" ताई तव्यावरची भाकर फिरवत म्हणे, "तुमी जाऊन सांगा ना तिले." भाऊजींना हे बोलणं टोमणा वाटत नसे. जाता येत नाही याचं त्यांना खरंच वाईट वाटे. मूर्तिजापूरच्या एका बाईनं राहिलेला सिनेमा मुंबईला पाहिला होता, आणि चढल्या चढल्या तिनं उत्साहानं त्यांना शेवट सांगायला घेतला. भाऊजींनी दोन्ही कानांत बोटं घातली. "बाई, शेवट सांगसान तर बोरगावले उतरवून देईन," असं म्हणून ते जे पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन उभे राहिले ते अकोल्यापर्यंत मागे आले नाहीत.

या घरात आणखी एक माणूस होतं, भाऊजींची धाकटी बहीण शांता. आईबाप लवकर गेले म्हणून भाऊजींनीच तिला वाढवलेलं. बोलायला मोजकी, पण जे बोलेल ते नेमकं. मी फिलॉसॉफीत नापास होणार हे तिनं मला परीक्षेआधी सांगितलं होतं. मी झालो. तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं, इतके सिनेमे पाहिलेला माणूस या कामात तरी चुकायचा नाही.

पहिलं स्थळ अकोल्याचं आलं. मुलगा शाळेत मास्तर. तो हसून बोलत होता, केस कपाळावरून वर घेतलेले होते. स्वयंपाक येतो का, हे त्यानं विचारलंच नाही. "तुमाले वाचायले आवडते काय?" असं विचारलं. शांता पोह्यांची बशी घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "सगळ्यायले दिले, तुमी काहून नाई घेतले?" पाहायला आलेल्या मुलानं मुलीला पोहे घ्या म्हणावं, हे आम्ही कोणी आधी पाहिलं नव्हतं. शांता मान खाली घालून हसली. मी ते पाहिलं, ताईनं पाहिलं. भाऊजींनी मात्र फक्त मुलाचे केस पाहिले. पाहुणे गेल्यावर ते फेऱ्या मारत म्हणाले, "हा पयला होय. हासते, गोड बोलते. असे पयले म्या लय पायले." आणि पसंती कळवणारा निरोप तिकडून आला असताना त्यांनी इकडून नकार धाडून दिला.

दुसरं स्थळ चांदूर रेल्वेचं. मुलगा स्टेशनात पार्सलच्या कामावर. तो आला, बसला, आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून त्यातच बघत राहिला. सोबत आलेला त्याचा मामा बोलत होता, हा नाही. भाऊजींचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली, हे आता त्याला मिठी मारतात. पाहुणे कोपऱ्यावर वळले नसतील तोच ते म्हणाले, "बी.ए., हा दोस्त होय! जन्मभर धुक्यात जाते बिचारा. यंदा त्याले आपल्या घरी पोरगी भेटीन."

नंतरचे दिवस घर काही ठिकाणावर नव्हतं. शांता झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. वरणात मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. पाण्याची भरलेली घागर ओतून ती परत नळावर जायची. भाऊजी खूश, पण त्यांनाही काहीतरी टोचत असावं, कारण त्यांच्या फेऱ्या आता अंगणापर्यंत वाढल्या होत्या. शेवटी ताईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "तिले इचारलं काय?" तिनं विचारलं.

"काय इचारायचं?"

"कोनता पसंत होता ते."

भाऊजी जागच्या जागी उभे राहिले. त्यांना मी असं उभं राहिलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. मुलीला विचारायचं असतं, हे आमच्याकडे त्या वेळी कोणाच्या गावी नव्हतं. पाहणाऱ्यांनी सांगायचं आणि घरच्यांनी ठरवायचं. त्यांनी शांताला हाक मारली. ती दारात आली, झाडणी हातातच होती.

"शांते, तुले तो अकोल्याचा... म्हंजे, त्याच्याबद्दल तुले काई..."

"तुमी टाकीजात बायायवर वरडता ना दादा, तोंड उघड म्हणून," शांता म्हणाली. "त्या दिवशी पोह्याची बशी हाती घेऊन मी तुमच्या तोंडाकडं पाहून राहिली होती. तुमी त्याचे केस पाहून राहिले होते." एवढं बोलून ती पुन्हा अंगण झाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मला गाडीत घातलं. नकार दिलेल्या दारात मुलीकडच्यांनी परत जाणं म्हणजे नाक कापून घेणंच. ते काम शिकलेल्या तोंडानं बरं होईल, असा त्यांचा हिशेब. वाटेत ते शब्द जुळवत होते. "आमच्याकून घाई झाली, असं म्हणसान. नाईतर म्हणा पत्रिका पुन्यांदा पायली." बडनेऱ्याला एक बाई उतरायच्या आत त्यांनी डबल घंटी दिली. मूर्तिजापूरला एकाच माणसाला दोनदा तिकीट विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "काहो, आज कोनती पोरगी अडकली?" भाऊजींनी नुसतीच घंटी दिली.

मास्तरांच्या घरी ओसरीवर चार बाया सुपांत तांदूळ निवडत बसल्या होत्या. एक हळकुंडं कुटत होती. भाऊजींनी ते पाहिलं आणि पायरीवरच थबकले. मुलाचे वडील मोठ्या मनाचे. "या या," म्हणाले, "कालच साक्षगंध झालं आमच्या पोराचं, लग्न ठरलं. बसा, चहा घ्या." भाऊजी बसले नाहीत. "याच रस्त्यानं चाललो होतो," म्हणाले. अंगात खाकी कोट, गळ्यात कातडी पिशवी, आणि हे म्हणे रस्त्यानं चालले होते. चहा आम्ही उभ्यानं घेतला. मी तयार करून आणलेलं सगळं भाषण बशीत ओतून पिऊन टाकलं.

मुलगा आम्हाला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आला. आज तो हसत नव्हता. तिथं त्यानं विचारलं, "एक इचारू काय? नाई कोनं म्हटलं होतं, त्यायनं का तुमी?"

भाऊजींना खोटं बोलता आलं असतं. पत्रिका होती, घाई होती, वाटेत जुळवलेली दहा वाक्यं होती. ते म्हणाले, "म्या म्हटलं. तिले कोनी इचारलंच नाई." मुलानं मान हलवली, "बरं" म्हणाला आणि परत फिरला. त्या दिवशी अकोल्याला एका अडकलेल्या नायिकेचा उत्तरार्ध लागला होता. टॉकीजवरून जाताना भाऊजींनी पाटीकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर त्यांनी शांताला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली, आणि मग, "जेवून आले काय?" चांदूरच्या मुलाचं विचारलं तेव्हा तिनं बरेच दिवस घेतले. त्या दिवसांत भाऊजींनी अंगणातली माती चालून चालून कडक करून टाकली, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. एके सकाळी शांता आपण होऊन म्हणाली, "कप दोन हातानं धरत होता. माणूस बरा असन." त्या उन्हाळ्यात लग्न झालं.

पुढे माझं लग्न निघालं. मी बी.ए., नोकरीवाला, इस्त्रीचा सदरा घालून मुलगी पाहायला बसलेलो. मुलीचे वडील, चुलते, गावचे पाटील सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मी माझी पसंती कशी जाहीर करावी याचा विचार करत होतो. तेवढ्यात भाऊजी उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि सरळ मुलीसमोर जाऊन उभे राहिले. "पोरी, तुले हा पसंत हाय काय? भेऊ नको, नाई म्हटलं तरी आमी चहा पिऊनच जाऊ." पाटलांच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. मुलीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "इचार करून सांगतो." तिचा विचार पुरा होईपर्यंत माझी पदवी काही कामाला आली नाही. परतीच्या वाटेवर भाऊजी आनंदानं मांड्या बडवत होते, "बोलली! पाहा, बोलली!" त्या अपमानाचं मी पुढे काय केलं ते विचारू नका. ती आज माझी बायको आहे आणि अजूनही विचार करूनच सांगते.

शांताचं बरं चाललं आहे. नवरा खरोखर भला. तिला रेडिओ आणून दिला, पोरांना स्वतः शाळेत पोचवतो, आवाज चढवत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी आणि भाऊजी चांदूरला तिच्याकडे गेलो होतो. नवरा ड्यूटीवर होता. भाऊजी आता थकले आहेत, पण बसून जेवणं त्यांना अजून जमत नाही. शांता वाढत होती, आणि ते दाराच्या चौकटीला टेकून, ताट हातात धरून तिच्या तोंडाकडे पाहत होते. मध्येच म्हणाले, "शांते, खरं सांग. सुखात हायेस ना?"

शांता हसली. त्यांच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. "खाऊन घ्या दादा, गाडी निघून जाईन."

आम्ही स्टँडकडे निघालो. ऊन चांगलंच चढलं होतं. भाऊजी दहा पावलं चालत आणि थांबत. "हासली," ते म्हणाले. "पन कशी हासली? तुमी पाहून राहिले होते ना, बी.ए.? तुमाले काय वाटलं?"

"बरी हसली," मी म्हणालो. "मनातून हसली."

"हो ना?" ते पुढे चालले. मग पुन्हा थांबले. कोटाचे खिसे चाचपले, काखेत पाहिलं. "तुमी व्हा पुढं, गाडी धरून ठेवा. माही छत्री राहिली तिच्या घरी," असं म्हणून ते झपाझप मागे वळले. छत्री त्यांनी आणलीच नव्हती. मी स्टँडवर जाऊन कंडक्टरला म्हटलं, "थोडं थांबा, आमचा एक माणूस यायचा आहे."