रिलिंक्विशची खूण

एखादा अवघड इंग्रजी शब्द कानावर पडला की आमच्या मावशी हातातलं काम थांबवायच्या. कप विसळत असल्या तर ओला हात पदराला पुसायच्या, तो वर धरायच्या आणि म्हणायच्या, "थांबा. खूण गावू द्या." मग गॅसवरचा चहा उतू गेला तरी बेहत्तर.

उंब्रजला हायवेच्या कडेला जी अभ्यासिका आहे, तिथं तुम्ही कधी डोकावला असाल तर तुम्हीही हे ऐकलं असेल. मावशी तिथं झाडलोट करायच्या आणि चहा द्यायच्या. मी तिथं हजेरीची वही घेऊन बसतो आणि अधूनमधून 'आवाज नको' असं म्हणतो. त्याआधी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. म्हणजे मी शिकवलं. मुलं किती शिकली ते पेपर तपासताना कळायचं आणि जेवण जायचं नाही.

अभ्यासिकेत येणाऱ्या बहुतेक मुली आसपासच्या गावांतल्या, बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या. त्या परीक्षेत इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारतात. मुली रोज वीस शब्द घोकायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातले सतरा विसरून यायच्या. एकदा एक मुलगी डोळे मिटून 'मेटिक्युलस, मेटिक्युलस' करत डुलत होती. मावशी दाराशी बसून संध्याकाळसाठी मेथी निवडत होत्या. त्यांनी अर्थ विचारला. अतिशय बारकाईनं काम करणारा, असं मुलीनं सांगितलं. मावशींचा हात वर गेला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग त्यांनी समोरची जुडी उचलली.

"मेथीकुलस. मेथी निवडल्यागत काम करनारा. गावली खूण."

ती मुलगी तो शब्द पुन्हा विसरली नाही. मीही विसरलो नाही, पण मला राग आला होता. शब्दाचं मूळ, व्याकरण, वाक्यात उपयोग या सगळ्याला फाटा देऊन ही बाई भाजीची जुडी दाखवते म्हणजे काय? मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की शब्द असे शिकत नसतात.

मावशी माणदेशातल्या, मेंढपाळांच्या घरातल्या. बालपण मेंढरांमागं गावोगाव हिंडण्यात गेलेलं, शाळा चौथीपर्यंत आणि तीही तुटक तुटक. नवरा इथल्या गॅरेजात कामाला होता म्हणून त्या उंब्रजला आल्या. तो वारला, मुलगी सांगलीत दिली, आणि मावशी भाड्याच्या खोलीत एकट्या राहिल्या. माझं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, मेंढराला खूण न्हाई केली की ते दुसऱ्याच्या कळपात जातंय," त्या म्हणाल्या. "मग आपलं कोनचं ते वळखायचं कसं? शब्दाचंबी तसंच हाय."

मी हजेरीच्या वहीत तोंड घातलं.

त्यानंतर खुणांचा सपाटाच सुरू झाला. टेनेशस म्हणजे तण, कितीबी उपटा, पुन्हा हजर. कँडिड म्हणजे कांदा, कापला की आतलं सगळं दिसतं. बेनेव्होलंट म्हणजे शेजाऱ्याला उसाचं बेणं फुकट देणारा. एका मुलीनं तर सराव परीक्षेत वाक्य लिहिलं की माझे काका उसाच्या लागणीच्या दिवसांत फार बेनेव्होलंट असतात. मी लाल पेन घेऊन बराच वेळ बसलो. वाक्यात चूक नव्हती. गुण द्यावे लागले.

मला सगळ्यात आवडलेली खूण 'अ‍ॅमिकेबल'ची. सलोख्याचा, असा अर्थ मीच सांगितला होता. मावशी लगेच म्हणाल्या, "आमीकेबल. 'मी' न्हाई, 'आमी'." आता शहरातला माणूस 'आम्ही' म्हणणार, त्याला ही खूण कशी सापडणार? त्या दिवशी घरी जाऊन मी ती बायकोलाही सांगितली.

हे सगळं मावशी एका वहीत लिहायच्या. डावीकडं देवनागरीत शब्द, उजवीकडं खूण. परीक्षा द्यायची नव्हती, नोकरी करायची नव्हती. मुलींसाठी सुरू केलेलं खूळ त्यांना स्वतःलाच लागलं होतं.

एका दुपारी त्या रजा मागायला आल्या. वडिलांच्या माघारी गावाकडची जमीन धाकट्या भावाच्या नावावर करायची होती. त्या माळावर आजवर कुसळांशिवाय काही उगवलं नव्हतं, पण अलीकडं तिथवर कालव्याचं पाणी पोचलं होतं. भावानं फोन केला होता, तालुक्याला येऊन हक्कसोडपत्रावर सही कर. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. बहिणीनं सही करायची, भावानं साडीचोळी करायची, आणि माहेर शाबूत राहायचं. जी सही करत नाही तिला दिवाळीचं बोलावणं येत नाही. मावशींना मुलगी सोडली तर या भावाशिवाय कुणी नव्हतं. सही करायची हे ठरलेलंच होतं.

जाता जाता त्यांनी विचारलं, "सर, हक्कसोडीला विंग्रजीत काय म्हनत्यात?"

"रिलिंक्विश."

त्यांनी वही काढून शब्द लिहिला आणि हात वर धरला. खूण काही सापडेना. दोनतीनदा पुटपुटून पाहिलं, तरी नाही. मग म्हणाल्या, नीट अर्थ सांगा, म्हणजे गावंल. इतक्या दिवसांनी माझा अर्थ कुणाला तरी हवा होता. मी मास्तरकीला पेटलो. सांगितलं की सोडणं आणि रिलिंक्विश करणं यात फरक आहे. जे आपलं आहे, ज्यावर आपला हक्क आहे, तेच रिलिंक्विश करता येतं. दुसऱ्याचं करता येत नाही.

मावशींचा हात खाली आला.

"म्हंजी आधी ते आपलं असाय लागतंय?"

"अर्थात."

त्या वही मिटून गेल्या. मी मात्र हबकलो. या बाईनं आजवर ती जमीन भावाची आणि आपली फक्त सही, असं धरलं होतं, हे मला तेव्हा कळलं. एका शब्दाच्या अर्थापायी त्यांचं माहेर तुटलं तर? तीस वर्षांत माझ्या शिकवण्याचा कुणावर इतका परिणाम झाला नव्हता, आणि आता झाला तर मला भीती वाटली.

चार दिवसांनी त्या परत आल्या. अंगावर जुनीच साडी होती. मुलींनी भोवती गराडा घातला. मावशींनी भावाला एवढंच सांगितलं होतं, की सोडायच्या आधी माझं कुठलं ते एकदा मला दाव. भावानं बांधावर नेऊन दाखवलं. ते पाहिल्यावर यांना सही करवेना. भाऊ कचेरीच्या दारातूनच गाडीला किक मारून निघून गेला.

"अ‍ॅमिकेबल न्हाई झालं," मावशी म्हणाल्या. "'आमी' म्हनायला दोघं लागत्यात."

त्या दिवशी चहात साखर पडली नव्हती. सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

दिवाळीला बोलावणं आलं नाही. मावशी अभ्यासिकेतच बसून राहिल्या, आणि सुट्टी असूनही मी आपला उगाच तिथं गेलो. मला त्यांची माफी मागायची होती, पण ती कशाबद्दल मागायची हे मला धड सांगता येईना. त्यांनीच मला चिवडा दिला. पेरणीच्या दिवसांत मात्र त्या बियाण्याची पिशवी घेऊन एकट्याच गावी गेल्या. पहिल्या दिवशी भाऊ लांबून बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी स्वतःचा ट्रॅक्टर त्यांच्या तुकड्यात घातला.

यंदा मावशी कायमच्या गावी राहायला निघाल्या, तेव्हा भाऊच टेंपो घेऊन त्यांचं सामान न्यायला आला. मान खाली, चहा अर्धा पिऊन ठेवला. ट्रंक उचलताना म्हणाला, "आक्का, चल. ऊन हुतंय."

मावशींनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. "सर, आमी निगालो," त्या म्हणाल्या. 'आमी'वर जरा जोर होता.

वही त्या मुलींसाठी ठेवून गेल्या. टेंपो हायवेला लागल्यावर मी ती घेऊन बसलो. मला त्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. मेथी, तण, कांदा, बेणं, सगळी मेंढरं आपापल्या खुणेनं जागेवर होती. शेवटच्या पानावर डावीकडं 'रिलिंक्विश' लिहिलेलं होतं. उजवीकडची जागा इतके दिवस कोरी होती. तिथं आता मावशींच्या अक्षरात लिहिलं होतं:

'याला खूण नको. ह्यो दुसऱ्याच्या कळपात गेला तरी चालंल.'